रॉकेटला दिलेली पसंती

लुओयांगच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकवणाऱ्या फू शुयान बाईंचा राग साऱ्या विभागाला ठाऊक होता. पोरांच्या चुका त्या पोटात घालत, पण शब्दाशी केलेली लबाडी त्यांना खपत नसे.

विभागप्रमुख मियाओ सरांनी एक परदेशी प्रश्नावली त्यांच्या हाती दिली. माणसांना तंत्रज्ञानाबद्दल काय वाटतं, ते तिच्यातून मोजायचं. "चिनीत आणा, आपल्या म्हाताऱ्यांना विचारायची आहे," सर म्हणाले.

बाईंनी भाषांतर केलं. मूळ न पाहिलेल्या एका सहकाऱ्याकडून ते उलट इंग्रजीत करवलं. दोन्ही ताडून पाहिलं तर कागदावर सगळं चोख. मग त्या वस्तीतल्या ज्येष्ठांच्या केंद्रात गेल्या. पत्ते आणि माजोंगच्या सोंगट्या बाजूला सारून म्हाताऱ्यांनी धडाधड खुणा केल्या: पूर्ण सहमत, पूर्ण सहमत. मियाओ सर हरखले.

बाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. खूण करणाऱ्यांत खाङ आजी होत्या. खिडकीवरचे नंबर संपलेले आणि फोनवरून लावता येईना म्हणून याच आजी आदल्या आठवड्यात दवाखान्याच्या पायरीवर रडत बसल्या होत्या.

"आजी, तंत्रज्ञानामुळे तुमचं आयुष्य सोपं झालं?"

"झालं की! आपली माणसं अंतराळात जाऊन आली, रेल्वे तर वाऱ्याशी शर्यत लावते!"

"आणि फोन?"

"फोनला कोण तंत्रज्ञान म्हणतं गं पोरी? तो मेला जिवाला घोर आहे! त्याच्यावाचून डॉक्टरही भेटेना."

शेजारचे आजोबा खो खो हसले. "हिच्या बोटाला तो ओळखच देत नाही. सून म्हणते, आई, तुमची बोटं फार कोरडी!"

बाई हसल्या नाहीत. त्यांना विचारायचं होतं फोनबद्दल, आणि उत्तरं आली होती रॉकेटबद्दल. चूक म्हाताऱ्यांची नव्हती, बाईंच्या स्वतःच्या शब्दाची होती. त्यांनी 'तंत्रज्ञान' हा मोठा शब्द काढला आणि रोजची भाषा घातली: फोनवरून नंबर लावणं, पैसे भरणं, तिकीट काढणं. पुन्हा विचारलं तर सगळी उत्तरं उलटी आली.

मियाओ सरांना हे रुचलं नाही. "मूळ शब्द बदलला की परदेशाशी तुलना संपली."

"तुलना कसली सर? तिथले फोनबद्दल बोलतात, आपले रॉकेटबद्दल!"

"फू बाई, आकडे छान आलेत. पंचपक्वान्नाच्या ताटात माशी कशाला टाकता?"

"माशी ताटातच होती. मी फक्त बोट दाखवलं."

सरांनी पहिलेच आकडे ठेवले. बाईंनी अहवालावरून आपलं नाव काढायला लावलं. तिथेच हे संपेल असं त्यांना वाटलं होतं.

हिवाळ्यात त्या सर्दीचं औषध आणायला गेल्या, तर दवाखान्याची नंबर देणारी खिडकी कायमची बंद. दारावर सूचना होती: ज्येष्ठांना नवं तंत्रज्ञान आवडतं असं विद्यापीठाच्या अभ्यासातून दिसल्याने यापुढे नंबर फक्त फोनवर. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे अभ्यासाचं पाप त्यांच्याच भाषांतरावर उभं होतं!

खाङ आजींना आणि केंद्रातल्या इतरांना घेऊन त्या थेट दवाखान्याच्या व्यवस्थापकाच्या खोलीत शिरल्या. आपला फोन टेबलावर ठेवून त्यांनी केंद्रात आजींशी बोलताना केलेलं ध्वनिमुद्रण लावलं. "फोनला कोण तंत्रज्ञान म्हणतं गं पोरी?" आजींचा आवाज खोलीत घुमला. व्यवस्थापक खाली बघू लागला.

"पण अभ्यासात तर..." तो पुटपुटला.

"त्या अभ्यासाचे शब्द माझे आहेत," बाई कडाडल्या. "मीच सांगते, ते चुकीचे आहेत. आजारी माणसाला दारातून परत पाठवायला तुम्ही माझे शब्द वापरताय? लाज वाटत नाही?"

खिडकी उघडली, पण फक्त सकाळपुरती. मियाओ सरांना त्याच अहवालावर बढती मिळाली.

खाङ आजी खूश होत्या. घरच्या वाफवलेल्या पावांची पिशवी बाईंच्या हाती कोंबत म्हणाल्या, "मिळालं ते पदरात घे. किती भांडशील?"

"म्हणजे दुपारी आजारीच पडायचं नाही का, आजी?"

पाव त्यांनी घेतले. तो अर्धा दिवस मात्र पदरात घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तास संपवून, भर दुपारी, त्या पुन्हा व्यवस्थापकाच्या दारात जाऊन बसल्या.