गहाण घराची पाटी

आमच्या गल्लीतल्या पेंटरचं अक्षर मोत्यासारखं आणि अक्कल जुन्या ब्रशासारखी, केस झडलेली. डोक्याचंही तेच. दुकानाची पाटी असो की मुतारीवरची सूचना, खाली कोपऱ्यात झोकदार सही आणि तारीख ठोकल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही.

घर त्याने सावकाराकडे गहाण टाकलेलं. सावकार पक्का ऐदी. आज दावा लावू, उद्या लावू, करता करता बारा वर्षं सरत आली. पेंटरचा मेहुणा वकील. तो दम देऊन गेला, "दाजी, परवा दाव्याची मुदत संपते. मग सावकाराला घराला हात लावता येणार नाही. तोवर दोन पथ्यं. त्याच्या कर्जात दमडी भरायची नाही, अन् कर्ज आहे असं लिहून खाली सही करायची नाही. एक जरी मोडलंत, तर बारा वर्षं पुन्हा पहिल्यापासून!"

"मी काय खुळा आहे?" पेंटर म्हणाला. बायकोने नुसतं छताकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सावकार दारात. "पेंटर, एक पाटी रंगव. 'हे घर गहाण आहे. कर्ज फिटायचं आहे.' मोठ्या अक्षरात."

बायको कडाडली, "अहो, घर टाकलंत, आता डोकंही गहाण टाकताय?"

"गप गं. मजकूर गिऱ्हाइकाचा, अक्षर माझं. सही नाही करत, झालं?"

संध्याकाळी पाटी तयार. लाल अक्षरं, काळी सावली, कोपरा कोरा. हात असा खाजायला लागला की पेंटरने तो बुडाखाली दाबून धरला.

सावकाराने पाटी न्याहाळली. "झकास! पलीकडच्या गल्लीतल्या पेंटरकडून करून घेतलीस वाटतं?"

"त्याच्याकडून? त्या मेल्याला 'ण'ची दांडी तरी सरळ येते का!"

बायको धावेपर्यंत सही झालीसुद्धा. तारखेसकट, खाली दुहेरी रेघ.

मेहुणा आला, पाटी वाचून किंचाळला, "बारा वर्षं पाण्यात!"

पेंटर सावकारावर तणतणला, "फसवलंस! निदान मजुरी तरी टाक."

"कर्जात जमा धरतो. चालेल?"

"न चालायला काय झालं!"

"दाजी, हा भरणा झाला!" मेहुण्याने कपाळ बडवलं. "दुसरं पथ्यही मोडलंत!"

"असू दे रे." पेंटर दोन पावलं मागे सरला, मान तिरकी केली. "पण खरं सांग, 'ण' कसा आलाय?"

बायकोने ब्रश लाल डब्यात बुडवला आणि त्याच्या टकलावर सही ठोकली. तारखेसकट.