खाकी कागदाचं टेबल

माझा मामा लेडीज टेलर. समोरच्याचं माप तो नुसत्या नजरेनं घेतो आणि ते सहसा चुकत नाही. स्वतःच्या घराचं माप मात्र त्याला तीन वर्षं जमलं नाही. सदतीस फ्लॅट पाहिले, सदतीस नाकारले आणि आमच्या डोक्याचा पार भुगा केला.

त्याची पद्धतच तशी. घरातल्या एकेका वस्तूच्या आकाराचा खाकी कागद त्यानं कापून ठेवला होता. पलंग, कपाट, दोन मशिनी आणि कापड बेतायचं मोठं टेबल. गुंडाळी काखेत मारून फ्लॅटवर जायचं, फरशीवर कागद मांडायचे, भोवती येरझाऱ्या घालायच्या आणि मान हलवायची. परवडणारा फ्लॅट गावाबाहेर. ऐसपैस असला की त्याची खिडकी शेजारच्या भिंतीला चिकटलेली. देखणा असला की आकडा ऐकून मामाला घाम फुटायचा. घरी येऊन तरी स्वस्थ बसेल? जेवता जेवता उठायचा आणि टेप घेऊन कपाट पुन्हा मोजायचा.

भाड्याच्या दोन खोल्या महिनाअखेरीला सोडायच्या होत्या. त्यातल्या मागच्या खोलीत मामी बावीस वर्षं हुक, बटणं, तुरपाई करत आली. तिथं भर दुपारी दिवा लागतो. डोळ्यांची वाट लागली ती तिथेच. गेल्या आठवड्यात तिनं काळ्या ब्लाउजला निळ्या दोऱ्यानं तुरपाई केली. गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं. मामा टेप घेऊन पुन्हा कपाट मोजायला उठला, मामीनं पुढचा ब्लाउज ओढून घेतला. मला मात्र दोघांचाही राग आला.

अडतिसावा फ्लॅट जुन्या इमारतीत निघाला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खोल्या बेताच्या, किंमत जेमतेम झेपणारी. पण कोपऱ्यात अर्धगोल खिडकी, खाली रुंद दगडी कट्टा आणि खोलीभर स्वच्छ उजेड.

"चार वाजता दुसरी पार्टी येतेय," एजंट म्हणाला. "त्यांनी टोकन आणलंय. काय ते आधी सांगा."

साडेतीन वाजले होते. मामानं कागद पसरले. मामी सरळ कट्ट्यावर जाऊन बसली. गळ्याशी टोचलेली सुई काढली, काळा दोरा घेतला आणि चष्मा न लावता एका फटक्यात ओवला. मग सुई तशीच हातात धरून बसून राहिली.

"टेबल दारात येतंय," मामा म्हणाला. "वीतभर. नाही जमायचं."

माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या गळ्यातला टेप ओढला आणि कागद मोजला. "मामा, तुझं टेबल सहा फुटांचं आहे. हा कागद साडेसहा फुटांचा कसा?"

"थोडी माया ठेवलीय," तो पुटपुटला. कपडा पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, ती माया.

"टेबल काय जाड होणार आहे?"

एजंट फिसकन हसला. मामा नाही हसला.

"पलंगालाही ठेवलीय," तो म्हणाला. "सगळ्यालाच ठेवलीय. अगं, कपडा चुकला तर उसवता येतो. आयुष्यभराची पुंजी एकदा घातली आणि घर चुकलं, तर काय उसवू? भीती वाटते मला."

तीन वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. मामी कट्ट्यावरून उठली नाही.

"अहो," ती म्हणाली, "मला इथं दिसतंय."

बस, एवढंच.

मामानं पिशवीतून कात्री काढली. कापडाची कात्री. तिनं कागद कापला की धार जाते, म्हणून लहानपणी तिला हात लावल्याबद्दल मी मार खाल्लाय, मामीनं बोलणी खाल्लीयत. मामा गुडघ्यांवर बसला आणि त्याच कात्रीनं कागदाची जादा पट्टी कापून टाकली. कागद पुन्हा मांडला. तरीही चार बोटं दारात येत होता.

जिन्यात पावलं वाजली. एजंटनं घड्याळ पाहिलं. मामानं एकदा खिडकीकडे पाहिलं आणि ती चार बोटंही कापली.

"मामा, हे आता खऱ्या टेबलापेक्षा लहान झालं."

"माहितेय," तो म्हणाला. "सुताराला फोन लाव. टेबल कापायचंय म्हणावं."