खोटकाढे आणि अंधारातली देवी

गल्लीत त्यांना सगळे खोटकाढे म्हणत आणि तेही खुशाल ओ देत. जेवायला बसले तरी आधी ताट वाकडं ठेवलेलं दिसायचं, मग भूक लागायची. धंदाच तसा होता. हजारो वर्षांपूर्वीच्या एका संगमरवरी देवीचा, दोन्ही हात तुटलेल्या पुतळ्याचा, साचा त्यांच्याकडे होता. त्यातून प्लास्टरच्या देव्या काढायच्या आणि हॉटेलांना, बागांना विकायच्या. साचा उघडला की सांध्यावर उमटलेली रेघ ते अंगठ्याने चाचपत आणि पात्याने खरवडून टाकत. इतक्या देव्या हाताखालून गेल्या, पण एकीचंही त्यांनी कधी कौतुक केलं नाही. मुलीचं तर नाहीच नाही.

मुलगी दिवसभर त्यांच्याबरोबर प्लास्टर कालवायची आणि उरल्या वेळात चित्रं काढायची. परगावच्या चित्रशाळेत तिला जागा मिळाली, तेव्हा बाप म्हणाला, "तू गेलीस तर साचे कोण धरणार?" वाद नको तितका चिघळला. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "बाबा, माझं एक चित्र बघा. नाही आवडलं तर ब्रश फेकून देते आणि इथेच राबते."

दुपारी तिने तैलचित्र कारखान्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. अंगणात टाकून दिलेली एक फुटकी देवी तिने त्यात रात्रीच्या अंधारात, एका दिव्याच्या उजेडात उभी रंगवली होती. खोटकाढ्यांनी हात पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि सुरुवात केली. खांदा मोठा. मान लांब. वस्त्राच्या चुण्या तर साफ चुकलेल्या. त्या त्यांना झोपेतही पाठ होत्या. पांढरा रंग औषधालाही नव्हता. सगळीकडे निळा, जांभळा आणि दिव्याकडच्या गालावर पिवळ्याचा जाड थर. तो उंचवटा दिसताच सवयीने अंगठा पुढे गेला, खरवडायला.

आणि थबकला. आपण एका परक्या बाईच्या गालाला हात लावायला निघालो होतो, असं वाटून ते चांगलेच ओशाळले. ती अंधारात एकटी उभी होती आणि तिला थंडी वाजत होती. बाहेर रणरणतं ऊन, तरी खोटकाढ्यांच्या अंगावर काटा आला. इतकी सुंदर होती ही? आणि आपण हिला रोज पोत्यासारखी उचलून ठेवत होतो!

"बोला ना. काय चुकलं?" मुलीचा आवाज चिरकला.

"सगळंच," ते कुजबुजले.

तिने मान खाली घातली आणि चित्र उचलायला वाकली.

"राहू दे ते. आधी तो एप्रन काढ. उद्यापासून साच्याला हात लावायचा नाहीस. मी माणूस ठेवतो, तू जा."

"पण सगळंच चुकलंय म्हणालात!"

"अगं, मी आयुष्यभर बरोबरच काढत आलो. एकदा तरी अशी उभी राहिली का ती?"