टॉर्च न मारलेले सांधे

आमच्या गोदीत नोकरीचा अर्ज भरून घेतात, त्यात पायाचं माप विचारलेलं असतं. हेलसिंकीच्या मुख्य कचेरीने एकदा विचारलं, हा रकाना कशासाठी? भरती सांभाळणाऱ्या तुओवीने कळवलं, "सुरक्षेसाठी." खरं कारण आम्हाला ठाऊक होतं. नवा माणूस पोलंडचा असो, तुर्कस्तानचा असो, त्याला आणायला विमानतळावर तुओवी स्वतः जायची आणि गाडीत बसल्याबरोबर तिने विणलेल्या लोकरी मोज्यांचा जोड त्याच्या हातात ठेवायची. मोजे घट्ट झाले तर राग त्या माणसाच्या पायांवर निघायचा.

भरती, रजा, भांडणं, कुणाचा उपास, कुणाचा रुसवा, सगळं तुओवीकडे. तिचा बाप याच गोदीत जहाजं रंगवायचा. अकरा देशांची माणसं तिच्या हाताखालून जात, आणि प्रत्येकाला ती स्वतः लिहिलेली एक पुस्तिका देई. 'इथे साहेबाला नावाने हाक मारा. कॉफीची वेळ चुकवू नका. समोरचा गप्प असेल तर तो रागावलेला नाही, फिनलंडचा आहे.' मी रेइनो, पाइप जोडणाऱ्या वेल्डरांचा मुकादम. हे शेवटचं वाक्य तिने मला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, असं गोदीत सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

रोहेलिओ दुमलाओ फिलिपाइन्सहून आला, दोन वर्षांच्या करारावर. बायको मारिविक आणि आठ वर्षांची मुलगी तिकडेच होत्या. करार कायम झाला तरच त्यांना इथे आणणं त्याला जमणार होतं. त्यासाठीच तो राबत होता.

पहिले दोन महिने मी त्याचा प्रत्येक सांधा टॉर्च मारून पाहिला. मग पाहणं सोडलं. मुकादमाने टॉर्च खिशात ठेवावी, याहून मोठा मान आमच्याकडे वेल्डरला मिळत नाही. वीस वर्षांत मी तो फक्त तिघांना दिला होता. कॉफीच्या टेबलावरही त्याला कुणी चार प्रश्न विचारत नसे, म्हणजे तो आमच्यातला झाला होता. त्याला कायम करायचं हे मी आणि तुओवीने उन्हाळ्यातच ठरवलं. फक्त हेलसिंकीहून सहीचा कागद यायचा होता, आणि कागद हातात आल्याशिवाय आम्ही तोंड उघडत नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी तुओवीने मला बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं.

"रोहेलिओचा राजीनामा," ती म्हणाली. "पुढच्या शुक्रवारचं तिकीटही काढलंय त्याने."

"कुणी काही बोललं का त्याला?"

"तेच तर! कुणीच काही बोललं नाही."

तेवढ्यात रोहेलिओ आत आला, टोपी हातात धरून.

"वाईट वाटून घेऊ नका, सर."

"सर म्हणू नकोस. रेइनो म्हण."

"हो, सर." तो खाली बघत बोलू लागला. "आधी तुम्ही माझं काम बघायचात. मग बंद केलंत. दीड वर्ष झालं, एकदाही वाकून पाहिलं नाहीत. आमच्याकडे ज्याच्यावर पाणी सोडलं, त्याच्याच कामाकडे साहेब बघत नाही. म्हटलं, हाकलण्याआधी आपणच निघावं. घरी तोंड तरी दाखवता येईल."

ज्याला डोक्यावर घेतलं होतं तो दीड वर्ष मनातल्या मनात झुरत होता, आणि मी रोज त्याच्या शेजारून खुशाल शीळ घालत जात होतो.

"बोल की," तुओवी म्हणाली.

"काय बोलू? त्याला कळलं असेलच ना..."

"कळलं असतं तर हे पत्र इथे असतं का, ठोंब्या? बोल!"

"तुझं काम चांगलं आहे," मी म्हणालो.

"किती?" तुओवीने विचारलं.

"गोदीत सगळ्यात." मी पत्राकडे बघत म्हणालो. "माझ्यापेक्षाही."

रोहेलिओने माझ्याकडे नाही, तुओवीकडे पाहिलं. "खरंच, मॅडम?"

"खरं. तुला कायम करायचं उन्हाळ्यातच ठरलंय. सांगितलं नाही, ही आमची चूक."

तो खुर्चीत बसला आणि रडू लागला. "पण मी घरी कळवून बसलो! मुलीने शाळेत सांगितलं, बाबा येतायत म्हणून. आता कोणत्या तोंडाने..."

"चूक आमची, तर फोनही आमचा," तुओवी म्हणाली. "रेइनो करील."

पळून जावंसं वाटत होतं, पण दाराशी ती उभी होती. फोनच्या पडद्यावर मारिविक, मुलगी, आजी आणि शेजारपाजारची मिळून अकरा माणसं दाटीवाटीने बसली होती. मी मघाचंच पुन्हा बोललो, मोठ्याने.

मारिविकने शांतपणे ऐकून घेतलं. "तो दर रविवारी म्हणायचा, इथे माझ्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही खरंच बघत नव्हतात?"

"नाही. गरजच नव्हती."

"मग आता बघत जा," ती म्हणाली.

मुलगी मात्र तोंड फिरवून बसली होती. रोहेलिओने पडद्याजवळ तोंड नेऊन तिला कितीतरी वेळ समजावलं. मग पत्र फाडलं, टोपी घातली आणि कामावर गेला.

तुओवी पत्राचे तुकडे गोळा करत राहिली. "पुस्तिका त्यांना दिली," ती म्हणाली, "तुम्हा मुकादमांना द्यायची राहिली."

मी दाराकडे वळलो.

"माझी फाईलसुद्धा मुख्य कचेरीने चौतीस वर्षांत उघडलेली नाही, रेइनो. मी तो मान समजत आले." ती थांबली. "पण मीही असं पत्र लिहिलंय. दोनदा. खणात आहे."

खणाला कुलूप नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच टेबलासमोर बसून कॉफी प्यायलो होतो.

"देऊ नकोस ते," मी म्हणालो.

"का?"

मी दार लावून घेतलं, तिच्यासमोर बसलो आणि तिचं काम चांगलं आहे, हे सांगितलं. किती, तेही सांगितलं.