पारा हलेपर्यंत

दहावीला पुन्हा बसलेल्या आमच्या मुरुडच्या मासळीवाल्या मावशी माझ्या शिकवणीत दाराशीच बसतात. गणित चुकलं की अख्खं पुसून पहिल्यापासून मांडतात. पण बर्फ वितळायला लागणारी उष्णता त्या दरवेळी शून्यच लिहायच्या.

"पारा चढलाच न्हाय, तर उष्णता गेली कुठं?"

"मावशी, हा प्रश्न सोडून द्या," मी वैतागून म्हणालो. त्या माझा प्रयोगाचा थर्मामीटर मागून घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारात बघतो तर पापलेटं उन्हात आणि बर्फ पातेल्यात! त्यात थर्मामीटर धरून मावशी बसलेल्या. गिऱ्हाइकं नाक मुरडून पुढे जात होती.

"अहो, मासळी खराब होईल!" मी म्हणालो.

"होऊ दे. अजून खडा शिल्लक हाय."

संध्याकाळी येताच त्यांनी वही उघडली. "शेवटचा खडा जाईस्तवर पारा हलला न्हाय, सर. समदं ऊन बर्फानंच खाल्लं. आता मांडते."