गुरांच्या वाटेवरचं स्वयंपाकघर

नातवाच्या शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारणं चाललं होतं. चुन्याची ती कोरडी भुकटी नाकात गेली आणि मी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, घाटमाथ्यावरच्या वलवण गावात जाऊन पोचले.

माळावर दोन लहान बंगले बांधायचे, एक उन्हाळ्यात मुंबईच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा आणि एक आपल्याला, असं आमच्या ह्यांनी ठरवलं होतं. बांधकामातलं दोघांनाही काही कळत नव्हतं. ह्यांनी जागेवर फक्की मारली, आणि मी माझ्या स्वयंपाकघरात, म्हणजे चार पांढऱ्या रेघांत, ऐटीत उभी राहिले.

दिवस कलला तशी चरायला गेलेली गुरं परतली, ती थेट माझ्या अंगावर. मी ओरडले, "अहो मावशी, वळवा की त्यांना!"

मागून येणारी म्हातारी थांबलीसुद्धा नाही. "कुटं वळवू, बाई? त्यांची वाट हितनंच हाय."

माझी चूल, माझा ओटा तुडवत गुरं ओढ्याकडे उतरली. पांढरे खूर पार खालपर्यंत उमटत गेले. हे त्या खुरांकडे बघत पायानं रेघ पुसू लागले.

"ही वाट गुरांचीच राहू दे. भाड्याचा तेवढा एकच बांधू. आपण त्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहू."

मला रडू कोसळलं.

आता घरं बांधायला निघालेली मुलं सल्ला मागतात. मी सांगते, फक्की मारा आणि खणण्याआधी एक संध्याकाळ तिथं नुसते बसा.

गुरं आता राहिली नाहीत. वाट मात्र मी कुणाला बुजवू दिलेली नाही. हे गेल्यापासून दिवस कलला की तिथंच जाऊन बसते, माझ्या स्वयंपाकघरात.