पाण्यावरची फांदी

सिंकमध्ये सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, धुताना पानं भोकाशी गोल फिरू लागली की मला अमरावतीतली आषाढातली ती दुपार आठवते. सासूबाई आणि मी भाजी घेऊन परतत होतो. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं होतं, आणि ते ओसरावं म्हणून दरवर्षीसारखं कुणीतरी रस्त्यातल्या चेंबरचं झाकण काढून त्यात खुणेला कडुलिंबाची फांदी रोवली होती. डिझेलचा वास मारणाऱ्या त्या मातकट पाण्यात फांदीवर नजर ठेवून मी चालत होते, पण कितीही चाललं तरी फांदी जवळ येईना. ती वाहत चालली होती. मी जागीच थांबले. "हालू नको," मागून सासूबाई म्हणाल्या, "सांबार सोड पान्यात." मी जुडी सोडली. ती हातभर पुढे गेली, गरकन फिरली आणि आत ओढली गेली. तेवढ्यात फांदी गल्लीच्या टोकाला अडकली. समोरून येणारी माणसं तिला जपून वळसा घालत होती आणि मग निर्धास्त, भराभर आमच्याकडे येत होती. आम्ही ओरडलो, पण पावसात कुणाला ऐकू जाईना. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. "इथंच उभं राहू आपन. आपन गेलो त कोनी पडन." पाणी उतरेपर्यंत त्या भोकाच्या काठावर आम्ही दोघी खूण होऊन उभ्या राहिलो. अजूनही सिंकपाशी, कोरड्या फरशीवर, माझ्या घोट्यांना त्या पाण्याची ओढ जाणवते.